पहिलं बसायचा मान

माझ्या तोंडाला लगाम नाही असं आमच्या तांड्यावर सगळे म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. पण हे तोंड आयुष्यात एकदा बरोबर वेळेला उघडलं, ते हट्ट्याच्या शेषरावमामांमुळं. त्या माणसाचे माझ्यावर, आमच्या दहा घरांवर उपकार आहेत. ते मला नीट सांगायचे आहेत.

कळमनुरीपासून थोडं आत, तलावाच्या काठाला आमचा तांडा. तलावात आमच्या बचत गटाची एक बोट चालते. कुठल्याशा शहरातल्या बागेत वीस वर्षं फिरून दमलेली बोट आम्ही दहा बायांनी आणली, रंग दिला आणि ‘जलराणी’ म्हणून नाव ठेवलं. माझा नवरा देविदास ती चालवतो, आम्ही तिकीट, चहा आणि जॅकेटं बघतो. नरसीला दर्शनाला आलेली मंडळी, सुट्टीतली लेकरं, लग्नाआधी फोटो काढायला येणारी जोडपी, एवढ्यावर आमचं बरं चालतं.

पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत होती. बाकांवर वरून लाल रेक्झिन, त्याखाली फोम, आणि फोमखाली प्लायवूड. फोमनं वर्षानुवर्षं पाणी पिऊन ठेवलं आणि खालच्या प्लायवूडचा पार भुगा झाला. कुणाला पत्ता नाही. एका रविवारी गटातल्या भागूबाई बाकावर टेकल्या आणि कडकन आत गेल्या. त्यांना ओढून काढायला आम्ही तिघी लागलो. ‘मी जड न्हाई, बाक कुजकं होतं,’ असं त्या अजून येईल त्याला सांगतात.

चार दिवसांत ही गोष्ट बोटीची परवानगी देणाऱ्या कार्यालयात पोचली आणि तिथून कागद आला. महिनाभरात सगळी बाकं बदलून तपासणीला दाखवा, नाहीतर परवानगी रद्द. तलावावर एक ठेकेदार आधीपासूनच टपून बसला होता. आमची परवानगी गेली की त्याची बोट दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

गावातला फर्निचरवाला म्हणाला, पुन्हा प्लायवूडच टाकतो. मी म्हणाले, सडलं तेच परत टाकायचं तर तुझी गरज काय? शहरातला बोट दुरुस्त करणारा दोन महिने मागत होता. तेव्हा मला माहेरची बैलगाडी आठवली.

माझं माहेर हट्ट्याजवळच्या तांड्यावर. माझे वडील बाबूसिंग, त्यांना आम्ही बापू म्हणतो. त्यांची गाडी बत्तीस वर्षांची आहे. बैल बदलले, रस्ते बदलले, पण गाडीची एक फळी हलली नाही. आमच्या भागात नवी गाडी झाली की नारळ फोडतात आणि ज्यानं ती केली त्या कारागिराला पहिल्यांदा आत बसवून वेशीपर्यंत फिरवून आणतात. करणारा आधी, मालक मागून. म्हणजे गाडी दगा देत नाही. आमच्या गाडीत मात्र पहिली मी बसले होते. सात वर्षांची, नवा घागरा घालून. ही गोष्ट मी सासरी हजार वेळा तरी फुशारकीनं सांगितली असेल.

ती गाडी शेषरावमामांनी केलेली. बापूंकडून नंबर घेऊन मी फोन लावला.

“ताई, मी उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला न्हाई,” ते म्हणाले. “मला पवता बी येत न्हाई.”

“बाकं करायचीत मामा, पोहायचं नाही.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग म्हणाले, “आता कुनी गाडी करून घेत न्हाई. चार वर्सं झाली रंध्याला हात लावून. येतो.”

तिसऱ्या दिवशी मामा आणि जनकामामी हत्यारांची पेटी घेऊन बसमधून उतरले. सत्तरीचा सडपातळ माणूस, पांढराशुभ्र सदरा, छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला. मामा “जय भीम” म्हणाले, देविदास “जय सेवालाल” म्हणाला, आणि दोघं पेटी उचलायला एकदमच वाकले. काम होईपर्यंत ते आमच्याच घरी राहिले.

पहिला अख्खा दिवस मामांनी नुसतं टोचण्यात घालवला. बोट काठावर ओढून घेतली होती. ते एकेका फळीला टोकदार आरी टोचायचे, आणि आरी आत गेली की खडूनं फुली मारायचे. माझा जीव वरखाली होत होता. दिवस चाललेत आणि हा माणूस टोचून राहिलाय! संध्याकाळी पाहिलं तर बोटीत फुल्याच फुल्या. खालचे दोन आडवे आधार तेवढे शाबूत होते.

“हे काहून सडलं, ठावं हाय का?” मामा म्हणाले. “पान्याला आत यायला वाट ठेवली, बाहेर जायला ठेवली न्हाई.”

ते त्यांनी मनावर घेतलं. फोम आणि रेक्झिन कायमचं हद्दपार. फळ्यांच्या मध्ये हाताचं बोट जाईल एवढी फट. जॅकेटं ठेवायच्या पेटीला बुडाशी भोकं. लोखंडी खिळा नाही, पितळी स्क्रू. फळीच्या कापलेल्या टोकांना जवसाचं तेल तीन-तीनदा, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. लाकूड त्यांनी कळमनुरीच्या बाजारातून स्वतः पारखून आणलं. बाभूळ. गाडीला बाभळीसारखं लाकूड नाही म्हणाले. भागूबाई तर बाकांवरून हात फिरवत बसायच्या.

तपासणीला पाच दिवस राहिले तेव्हा आम्ही बोट पाण्यात लोटली. देविदासनं इंजिन सुरू केलं, गटातल्या चौघी बसल्या. बोट जरा पुढं गेली आणि तिनं नाक खाली घातलं. देविदासनं वेग वाढवला तसं पुढून पाणी आत आलं. बाया ओरडायला लागल्या. भागूबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

काठावर तांडा जमलाच होता. कुणीतरी हसून म्हणालं, “गाडीवाल्यानं बोटीला जू बांधलं का काय!”

मला हसू आलं नाही. मी सरळ मामांपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “मामा, आमच्या दहा घरांचं वाटोळं केलं तुम्ही.”

हे मी बोलले. नंतर कितीही वाटलं तरी बोललेलं परत गिळता येत नाही.

मामा चप्पल काढून गुडघाभर पाण्यात उतरले, बोटीच्या पुढच्या टोकावर हात दाबून पाहिला, मागच्या टोकावर दाबून पाहिला. परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“ताई, गाडी मागं जड झाली की उलाळ होते. पुढून उचलते आन बैलाचा गळा आवळतो. म्हनून आमी पुढं जरा जड ठेवतो, मग गाडी बैलाच्या मानेवर बसते. हितं इंजिन मागं पाहिलं, तर म्हनलं उलाळच होनार. बाकं हातभर पुढं घेतली, वरून बाभूळ जड. पन गाडीला बैलाची मान असते. पान्याला मान कुठून आनू? चूक माझी हाय. माझ्या हातानंच निस्तरतो.”

“पाच दिवसांत लाकूड कुठून आणाल?”

“हाय माझ्याकडं.”

सकाळच्या पहिल्या बसनं ते हट्ट्याला गेले आणि दिवस मावळायच्या आत टेम्पो घेऊन आले. टेम्पोत जुन्या, वाळलेल्या सागाच्या फळ्या होत्या, रंधा मारलेल्या, कडांना नक्षी काढलेल्या. हे कशाचं लाकूड, ते मला जनकामामींनी सांगितलं. मामांनी केलेली शेवटची गाडी. ज्यानं सांगितली होती त्यानं ट्रॅक्टर घेतला आणि न्यायला आलाच नाही. चार वर्षं ती दारात झाकून ठेवलेली होती. मामा रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकायचे म्हणे.

ती गाडी त्यांनी आमच्यासाठी मोडली. मी वाटोळं केलं म्हणाले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

पुढचे दिवस मामा उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत बोटीत. बाभूळ सगळी निघाली, साग बसला, बाकं मागं सरकली. देविदास आणि मी त्यांच्या हाताखाली. दर वेळी बोट पाण्यात लोटायची, मधल्या बाकावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि पाणी कुठल्या अंगानं सांडतं ते मामा बघत बसायचे. चौथ्या दिवशी कुठल्याच अंगानं सांडलं नाही. “बराबर,” मामा म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि मामी भाकरी थापत होतो, मामा ओसरीवर हत्यारं पुसत होते. मला फार हलकं वाटत होतं. मी म्हणाले, “तुमच्या हातच्या गाडीत पहिली बसलेली बाई हाय मी, मामा. मला माहीतच होतं तुमचं काम.”

“व्हय,” मामी म्हणाल्या. “ह्यांनी सांगितलं होतं. लिंबाखाली उभं राहून पाहत होते हे.”

“लिंबाखाली काहून? कारागिराला तर आत बसवतात.”

मामींचा हात थांबला. “शंभरावर गाड्या केल्या ह्यांनी. एकदा बी बसवलं न्हाई कुनी.”

“जाऊ द्या ना,” मामा आतल्या बाजूला बघत म्हणाले. मग माझ्याकडं पाहून सावकाश म्हणाले, “न्हाई म्हनलं असतं तर भांडलो असतो, ताई. न्हाई कुनी म्हनलं न्हाई. इसरत होते. दर खेपेला इसरत होते.”

कारण विचारायची गरज नव्हती. त्यांच्या हातची गाडी सगळ्यांना चालत होती. तीत आधी बसलेला बौद्ध चालत नव्हता. आणि आमच्या तांड्यालाही गावानं वेशीबाहेरच ठेवलं होतं, तरी विसरायच्या वेळी आम्हीही गावासारखेच विसरलो.

“आमचे बापूसुद्धा?” मी विचारलं.

“तुमचे वडील भला मानूस. जेवू घातलं, पोटभर. त्या दिवशी तुमचीच गडबड होती, नव्या घागऱ्यात उड्या मारून राहिल्या होत्या.” आणि ते हसले. खरंच मनापासून हसले, त्यात कुठं कडू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीचे साहेब आले. हातात फाइल, पायात चकचकीत बूट. त्यांनी बाकांना हात लावला, स्क्रू पाहिले, फटी पाहिल्या. भोकं कशाला म्हणून विचारलं, मामांनी सांगितलं, साहेबांनी मान हलवली. भागूबाईंनी नारळ फोडला. आता माणसं बसवून एक फेरी, की झालं.

“चला,” म्हणत साहेबांनी पाय उचलला. साहेबच तो, पहिला तोच बसणार. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मामा तर आधीच मागं सरकून काठावरच्या बाभळीखाली जाऊन उभे होते.

“साहेब, थांबा,” मी म्हणाले.

साहेबांचा पाय तसाच राहिला. देविदासनं माझ्याकडं असं पाहिलं की बाई, आज तरी गप. दहा घरांची परवानगी त्या फाइलमध्ये होती.

“आमच्याकडं रीत हाय, साहेब. ज्यानं केलं त्यानं पहिलं बसायचं. तुमी मागून.”

क्षणभर साहेबांनी माझ्याकडं, मग फाइलकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. मग पाय खाली घेतला आणि विचारलं, “कोण आहे कारागीर?”

मी बाभळीखाली गेले. मामा मान हलवत होते. “ताई, मला पवता येत न्हाई.”

“मला येतं,” मी म्हणाले आणि त्यांचा हात धरला. जनकामामींचा दुसऱ्या हातानं धरला. मामांनी चप्पल काढली, बोटीला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि पुढच्या बाकावर बसले. मामी शेजारी बसल्या. आपल्याच गाडीच्या नक्षीवर मामांचा अंगठा फिरत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

मग साहेब चढले, गटाच्या बाया चढल्या. बोट सरळच्या सरळ उभी होती. देविदासनं इंजिन सुरू केलं.

“ताई, तुमी बी या ना,” मामांनी हाक मारली. “जागा हाय.”

“तुम्ही जाऊन या, मामा,” मी म्हणाले. “मी मागून बसते.”

बोट पार पलीकडच्या काठाला जाऊन परत येईपर्यंत मी त्या बाभळीखाली उभी होते.