बटाट्याच्या नावाखाली

जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या कारागिराला सगळी गल्ली उस्ताद म्हणत असे. उस्तादांचा एक दंडक होता. शेवटची शिवण घालण्यापूर्वी ते गिऱ्हाइकाला बोलावून घेत आणि उघड्या कडेतून आत हात घालायला लावत. काथ्या असेल तर काथ्या, फोम असेल तर फोम. आपण कशावर बसणार हे बसणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. घाईतली माणसे वैतागत, पण त्यांचा हात आत जाईपर्यंत शिवण उघडीच राही.

अशा माणसाला स्वतःच्याच ताटात फसवले गेले, आणि तेही घरच्यांकडून.

रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी बटाटा वर्ज्य केला. उस्तादांचा तर सारा जीव बटाट्यात. लोणी घालून घोटलेला बटाटा नसेल तर जेवण म्हणजे त्यांच्या लेखी नुसती पोटाची खळगी भरणे. काही दिवस त्यांनी ताटावर राग काढला. मग एका संध्याकाळी तोच पांढरा, मऊ ढीग पुन्हा समोर आला. वास किंचित निराळा होता, म्हणून त्यांनी विचारले. बटाट्याचा नवा वाण आहे, थोडा खाल्ला तर चालतो, असे बायकोने सांगितले. लेकीने गंभीरपणे मान डोलावली.

वस्तुतः तो सेलरी या परदेशी भाजीचा कंद होता. ओबडधोबड, मातीने माखलेला, मुळ्यांची दाढी वाढलेला. लेक तो बाजारातून पिशवीच्या तळाशी लपवून आणी. आई त्याची जाड साल काढी, फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकी आणि उकडून भरपूर लसणाबरोबर घोटी. त्यात साखर वाढवणारे पिष्ट बटाट्यापेक्षा पुष्कळ कमी. पुढच्या तपासणीत साखर उतरली आणि मायलेकींनी एकमेकींकडे पाहून हसू दाबले.

उस्तादांनी मात्र सरळ हिशेब केला. बटाटा खाऊनही साखर उतरते, म्हणजे बटाटा निर्दोष आणि डॉक्टर अडाणी. हा सिद्धांत त्यांनी गल्लीभर सांगितला. पुढे थोरल्या बहिणीकडे राहायला गेले, तेव्हा बटाटा चालतो का असे तिने काळजीने विचारले असता तिलाही तोच ऐकवला आणि दोन्ही वेळा ताटभर बटाटे रिचवले. घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बहिणीने त्यांना इस्पितळात नेले. खाटेपाशी बसून बायकोने रडत रडत खरे काय ते सांगितले. घरी येऊन खुर्चीत बसल्यावर उस्ताद बोलले.

"भोवळ आली त्याचं एवढं नाही. मी विचारलं होतं. सरळ तोंडावर विचारलं होतं, हे काय आहे म्हणून."

"बाबा, तुमच्या भल्यासाठीच ना," लेक पुटपुटली.

"माझंच भलं मला सांगायला काय हरकत होती?"

आता बायकोही उसळली. त्या टणक कंदाशी झटताना बोटे तिची कापली होती, कुणा शेजारणीची नव्हे. तिने कंबरेवर हात ठेवून विचारले, "सांगितलं असतं तर खाल्लं असतंत का हो?"

उस्तादांनी खोटे बोलायचे टाळले. "नसतं खाल्लं. पण तो नकार माझा असता. तुमच्या त्या नव्या वाणाच्या भरवशावर मी ताईकडे जाऊन जिवाशी खेळलो. आतलं न दाखवता शिवण घातलीत तुम्ही."

उस्ताद तसेच उठले आणि टोपलीच्या तळाशी दडवलेला कंद त्यांनी शोधून काढला. चामडे कापायच्या सफाईने साल उतरवली, जाड चकत्या केल्या, तेल-मीठ चोळून ओव्हनमध्ये ठेवल्या. लसूण मुद्दाम घातला नाही. कंदाचा उग्र, मातकट वास घरभर पसरला, तरी त्यांनी खिडकी उघडू दिली नाही.

चकत्या वरून तांबूस झाल्यावर त्यांनी पहिली बायकोच्या ताटलीत वाढली. राग उतरला नव्हता. ताटली जरा जोरातच टेकली.

"खा. आणि काय खातेस ते मला सांग."

तिने तुकडा तोडला, सावकाश चावला, नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिले.

"सेलरीचा कंद," ती म्हणाली. "आणि आतून कच्चा आहे."

उस्तादांनी ताटली उचलली आणि चकती पुन्हा ओव्हनमध्ये सरकवली.