भेगा बुजवणाऱ्याकडे आलेला चुनखडक

माझ्या बालमित्राने दादरच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा दुसऱ्याकडून करून घेतला, हे मी कधीच विसरलो नाही. लालबागच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. तो भूशास्त्रज्ञ होऊन समुद्राखालचं तेल शोधू लागला. मी दहावी नापास; फरश्या घासत घासत घोडपदेवला स्वतःचा दगडकापीचा कारखाना काढला. आणि ओटा दिला कोणाला? परक्याला!

म्हणून तो एका सकाळी लाटण्यासारखा गोल, चांगला जाड दगड कुशीत घेऊन आला, तेव्हा मी त्याला बस म्हटलं नाही.

"समुद्राच्या तळाखालून विहीर खोदताना काढलेला चुनखडक आहे. आमचं मशीन बंद पडलंय. उभा चिरून पॉलिश करून दे. उद्या साहेबांना दाखवायचाय, दुसरा तुकडा नाही रे."

"घाईचा दर वेगळा."

"घे काय ते."

घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. तरी दगड चिरला. दोन्ही फाकांना भेगाच भेगा! आमच्या धंद्यात तडकलेला दगड गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. एका फाकेच्या भेगा मी स्वतः, मन लावून, रेझिनच्या चिकाने भरल्या आणि आरशासारखं पॉलिश केलं.

"भेगा कुठे गेल्या?" संध्याकाळी दगड न्यायला आल्यावर तो किंचाळला.

"बुजवल्या. त्याचे पैसे नकोत."

"गाढवा, तेल भेगांतच असतं!"

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं?" मीही भडकलो.

तो डोकं धरून लाद्यांवर बसला. म्हणाला, हा दगड इतका घट्ट की त्याच्या अंगात तेल फारसं मावत नाही. जमीन वाकली की तो तडकतो, बाक जास्त तिथे तडे जास्त. तडे एकमेकांना मिळाले की तेल आणि वायू त्यांतून वर चढून साठतात. वर मातीच्या खडकाचं घट्ट झाकण हवं, नाहीतर सगळं निसटतं. आणि काही भेगा निसर्गच पांढऱ्या खनिजाने बुजवतो, त्या बाद. "उघड्या कुठल्या, बुजलेल्या कुठल्या, हेच दाखवायचं होतं."

"एवढंच?"

दुसऱ्या फाकेवर मी मगभर पाणी ओतलं, फडकं मारलं, पंखा लावला. विकत घ्यायच्या संगमरवरातले छुपे तडे दाखवून भाव पाडायला मी आयुष्यभर हेच करत आलोय. वरचं पाणी सुकलं. बुजलेल्या भेगा पांढऱ्याच राहिल्या, उघड्या ओल्या भेगांचं काळं जाळं लख्ख उठलं.

त्याने मला कमरेला धरून गरागरा फिरवलं. पन्नाशीचे दोन बाप्ये कारखान्यातल्या दगडाच्या चिखलात नाचले, माझ्या पॉलिशवाल्या कारागिराने शिट्टी मारली. फोटो काढून झाल्यावर मी विचारलंच, "आणि तुझा ओटा?"

तो हळूच म्हणाला, "संगमरवराचा आहे. तडकलाय. फोडणीचं तेल मुरतं, बायको रोज सुनावते."

मी हसून हसून खालीच बसलो.

"बुजवून देशील?"

"देईन. घाईच्या दराने."

"लुटतोस काय रे? निम्मे घे!"

अखेर तो घासाघीस करू लागला. जीव थंड झाला माझा.