साइट आधी पेशंटच्या हातात

आमच्या डोंबिवलीच्या ऑफिसात वेबसाइटचं डिझाइन माझी एक सहकारी करते आणि कोडिंग मी. नवीन काही तयार झालं, की ती फोन कुणाच्यातरी हातात देते आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसते. "मी बोलले की लोक माझंच ऐकतात रे, मग साइट कशी झालीय ते कळत नाही," म्हणते.

परवा कल्याणच्या एका डॉक्टरांना त्यांची साइट दाखवायला त्यांच्या दवाखान्यात गेलेलो. वरती त्यांचा मोठा फोटो, त्याखाली पदव्या. डॉक्टर खूश होते. ती मात्र बाहेर पेशंट बसतात तिथे गेली आणि ताप आलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना तिने फोन दिला.

"ताई, यातून अपॉइंटमेंट घेऊन बघता का?"

बाईंनी बराच वेळ बोट फिरवलं, पण बटण काही सापडेना. शेवटी फोन परत देत म्हणाल्या, "डॉक्टर छान दिसतात हो फोटोत."

ती मनापासून हसली. आत येऊन डॉक्टरांसमोरच लॅपटॉप उघडून तिने बटण सगळ्यात वर आणलं.

"आणि माझा फोटो?" डॉक्टरांनी विचारलं. काम हातचं गेलं, असं मला वाटलं.

"खाली आहे ना, डॉक्टर. बरं वाटलं की बघतील पेशंट."

डॉक्टरांनाही हसू आवरेना. साइट आजच सुरू करा म्हणाले.