सुपात घेतलेलं नाव

जिवल्या भगत आमच्या प्रार्थनेला येऊ लागला तेव्हा त्याच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. माझाही नव्हता.

साल १९८७. बोईसरला एका चाळीतली मोठी खोली भाड्याने घेऊन आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी जमायची. बहुतेक सगळे नगर, जालन्याकडून कारखान्यांत कामाला आलेले. आम्ही कुंभवलीला राहायचो, माझे यजमान तारापूरच्या एका कारखान्यात होते. जिवल्या मात्र इथलाच. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी काटेलपाडा आहे, तिथला. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन तो उतरायचा, मोळी विकायचा आणि आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायचा. आत ये म्हटलं तर, "हतंच बरा हाय," म्हणायचा.

पाड्यावर त्याला भगत म्हणत. कोणी आजारी पडलं की तो सुपात तांदळाचे दाणे घ्यायचा, बोटाने सारायचा, बघायचा आणि कोणाची बाधा आहे ते सांगायचा. झाडपाल्याचं औषधही द्यायचा. असा माणूस लाकडं विकून प्रभूची गाणी ऐकायला का बसतो?

"लुगडी-चादरी वाटतात असं कोणी सांगितलं असेल त्याला," आमच्यातल्या शेवंताबाई म्हणाल्या.

"कोण वाटतंय?" मी म्हटलं. "मला सांगा, मीच आधी रांग लावते."

आमच्यात मुठीची रीत आहे. रोज भात रांधताना बायका मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात आणि रविवारी आणून एका सुपात ओततात. ते गरजूंना जातात. तांदूळ सुपात पडल्याचा आवाज आला की जिवल्या उठायचा आणि अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहायचा. प्रत्येक वेळी.

शेवंताबाई माझ्या कानाशी लागायच्या, "बघितलंत? दाणे दिसले की अजून अंगात येतं. लक्ष ठेवा हं, उषाबाई."

मी लक्ष ठेवून होते.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी साळवे पाळकांनी पश्चात्तापावर संदेश दिला. मग तांदूळ ओतले गेले. जिवल्या उठला, पण बाहेर गेला नाही. सुपासमोर येऊन उभा राहिला आणि बोलू लागला. खूप वर्षांपूर्वी पाड्यावरच्या नवशाचं पोर तापाने फणफणलं होतं. त्याला एक मुळी उगाळून दिली. जास्त झाली. पोर गेलं. लोक कुजबुजायला लागले, तसं त्याने सूप मागवलं, दाणे सारले आणि शेजारच्या विधवेचं नाव घेतलं. ही भुताळी आहे, हिने पोर खाल्लं.

"दान्यांत काय पन नव्हता," तो म्हणाला. "मना भ्या वाटला. तिच्यामागं कोनी नव्हता, म्हनून तिचा नाव घेतला. मंगळी."

पुढचं त्याने मान खाली घालून सांगितलं. लोकांनी तिला मारत पाड्याबाहेर काढलं होतं, काखेत पोर होतं तरी.

साळवे पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. देवाने क्षमा केली म्हणाले. बायका रडल्या. शेवंताबाईसुद्धा. मला रडू आलं नाही, कारण मंगळी माझी शेजारीण होती.

कुंभवलीला आमच्या खोलीमागे झोपड्यांची ओळ होती, त्यात मंगळी राहायची. रंगाच्या कारखान्यात झाडू मारायची. तिचे पाय घोट्यापर्यंत कायमचे पिवळे झाले होते. चिमी तिची मुलगी, आता लग्नाला आलेली. इतक्या वर्षांत मंगळीने मला पाण्याचा पेलासुद्धा कधी पुढे केला नव्हता. ओळीत कोणालाच नाही. मला वाटायचं, बाई चिक्कू आहे. पाडा कुठला विचारलं तर, "लांब," एवढंच. तेच नाव, काखेतलं पोर, ते "लांब", आता सगळं जुळलं.

उपासना संपल्यावर मी जिवल्याला विचारलं, "देवाची क्षमा झाली. मंगळीची?"

त्याने झटकन वर पाहिलं. "ती कुठं हाय, तुमास म्हायत हाय?"

मी लगेच सांगितलं नाही. पत्ता कशाला हवा याला? बाप्तिस्म्याआधी समेट करून ये, असं पाळकांनी सांगितलं असेल, म्हणून घाई असेल. की पोरीचं लग्न ठरतंय हे कळलंय आणि त्यात मोडता घालायचाय? आठवडाभर मनात घोळवलं. शेवटी मीच बरोबर जायचं ठरवलं, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर राहील.

मंगळी दारात बसून भांडी घासत होती. पलीकडच्या नळावर बायका होत्या. जिवल्या तिच्यापुढे उकिडवा बसला. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या शेतातले तांदूळ फडक्यात बांधून आणले होते. त्याने गाठ सोडली, ओंजळीत तांदूळ घेतले आणि तिच्यापुढे धरले.

मंगळीने आधी ओंजळ पाहिली, मग तोंड. हातातलं पातेलं तिने त्याच्या अंगावर फेकलं.

"भगत! आता कोनाचा नाव घेतेस? चिमे, आत हो! दार लाव!"

"मंगळे, मी माफी…"

"दाने खाली टाक! टाक आदी!"

त्याच्या हातातून तांदूळ सांडले. नळावरच्या बायका धावत आल्या. मी खूप समजावलं, पण त्यांनी जे पाहायचं ते पाहिलं होतं. मंगळीच्या दारात भगत आला होता, हातात तांदूळ होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळीला कळलं की मंगळी भुताळी आहे. इतकी वर्षं जे इथे कोणाला ठाऊक नव्हतं, ते हा माणूस माफी मागायला येऊन सांगून गेला. दोन दिवसांनी चिमीच्या होणाऱ्या नवऱ्याचा बाप आला आणि लग्नाचं जरा थांबू म्हणाला. पाणीसुद्धा न पिता गेला.

मंगळी माझ्या दाराशी आली. आत आली नाही.

"तुमच्या देवानं त्याला माफ केला ना? मंग त्यानं तितंच रावाचा. माझे दारात कशाला?" ती म्हणाली, "त्याला सांगा, जितं खोटा बोलला तितं खरा बोल. नवशाच्या तोंडावर. जातो का बगा. नाय जायाचा."

मी जिवल्याला निरोप दिला. तो घाबरला. नवशा तापट माणूस, पोराचा जीव याच्या मुळीने गेला हे कळलं तर कोयता काढेल. साळवे पाळकही म्हणाले, देवापुढे कबूल केलंय, उगाच मार खायला जाऊ नये. त्यानंतर जिवल्या प्रार्थनेला यायचा बंद झाला. लाकडं घेऊनही दिसेना.

"पळाला," शेवंताबाई म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं."

मला वाईट वाटलं, आणि आपलं खरं ठरल्याचं थोडं समाधानही.

वैशाखात त्याची बायको भागी माझ्याकडे आली. जिवल्याने उद्या सकाळी पाडा जमवलाय म्हणाली, मंगळीला घेऊन या. मी तिला मंगळीकडे नेलं, तर मंगळी हसली. "मना परत मारायाला बोलावतेस काय गं?" पण रात्रभर तिच्या चुलीचा उजेड दिसत होता, आणि सकाळी ती झाकण बांधलेलं पातेलं घेऊन माझ्या दारात उभी होती.

"यात काय?"

"चला तुमी."

पाड्याच्या अलीकडे आंब्याचं झाड होतं. ती तिथेच थांबली, पळायला रस्ता मोकळा राहावा म्हणून. मीही तिच्याजवळ थांबले. समोर अंगणात माणसं गोळा झाली होती. भगत पुन्हा दाणे बघणार, असंच त्यांना वाटलं होतं. जिवल्याने सूप घेतलं, दाणे टाकले आणि नवशाकडे पाहून बोलला. आमच्या खोलीत बोलला होता तसंच, शब्द न गाळता. मुळी माझी, माप माझं चुकलं, दाण्यांत काही नव्हतं.

नवशा उठला. त्याने जिवल्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. जिवल्याने हात वर केला नाही. दोघांनी नवशाला धरलं.

पण बाकीचे मात्र विश्वास ठेवायला तयार नव्हते. एक म्हातारा म्हणाला, "ह्याला कोनी तरी शिकवला."

"भुताळीनंच केला त्याला! तिनंच त्याची बुद्धी फिरवली," दुसरा ओरडला. "ती बगा, झाडाखाली उबी हाय!"

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मी मंगळीचा हात धरला, निघू या म्हटलं. तिने हात सोडवला आणि पातेलं डोक्यावर घेऊन सरळ अंगणात गेली. सुपाशेजारी पातेलं ठेवलं, झाकण काढलं. भात होता.

"तुजाच तांदूळ हाय, भगत," ती म्हणाली. "माझे दारात सांडलास तो. चिमीनं येचला. मी रांधला. माफी पायजे ना? खा."

जवळचे मागे सरकले. भुताळीच्या हातचं कोणी खात नाही. खाल्लं तर माणूस झिजून मरतो, असं पाड्यावर लहान पोरालाही ठाऊक होतं. तेव्हा कुठे मला कळलं, मंगळीने इतकी वर्षं कोणाला पाणी का दिलं नाही. कोणी नको म्हणेल, ते तिला पाहायचं नव्हतं.

जिवल्याने भाताकडे पाहिलं. खोटं त्यानेच रचलेलं. तरी त्याचा हात पुढे होईना. मी पाहिलं, आणि मंगळीनेही पाहिलं.

"भ्येतेस?" ती हळूच म्हणाली. "तूच बोललास ना, दान्यांत काय नव्हता?"

त्याने डोळे मिटले, ओठ हलले. मग घास घेतला. ओठ फुटलेला होता, भाताला रक्त लागलं. दुसरा घेतला, तिसरा. मंगळी त्याच्या गळ्याकडे बघत उभी होती, घास खाली उतरतो की नाही ते. शेवटी नवशाची बायको जमना, मेलेल्या पोराची आई, पुढे झाली.

"पोर बोललेला, आये, कडू लागतं," ती म्हणाली. "मना तवाच वाटला होता. मी बोलली नाय." तिने पातेल्यातून घास उचलला आणि खाल्ला. नवशा उठून शेताकडे निघून गेला.

भात संपल्यावर मंगळीने पातेलं विहिरीवर धुतलं आणि आम्ही परतलो.

"माफ केलंस?" मी वाटेत विचारलं.

"त्ये आता ह्यो मरतो का बगतील," ती म्हणाली. "त्याला नुसता खोकला झाला, तरी माझा नाव येयाचा."

खरंच होतं. पाडा त्याच्यावर नजर ठेवून होता, आणि खरं सांगायचं तर आम्हीही. जिवल्या रोज सकाळी सगळ्यांना दिसेल असा विहिरीवर जायचा, मोठ्याने हाका मारायचा. रविवारी मोळी घेऊन बोईसरला यायचा, आता आत बसायचा. शेवंताबाई त्याला आपादमस्तक बघायच्या. "जरा वाळलाय का हो?" मी मनात रोज एकच मागणं मागायचे, प्रभू, याला पडसंसुद्धा होऊ देऊ नकोस. पाळकांनी बाप्तिस्म्याचं विचारलं तर तो म्हणाला, "चिमीचा लगीन व्हऊ द्या."

पावसाळा गेला. दिवाळी गेली. मुलाचा बाप पुन्हा मंगळीच्या दारात आला, आणि त्या दिवशी त्याने पाणी मागून घेतलं. होळी झाल्यावर चिमीचं लग्न झालं. भात मंगळीनेच रांधला. जमना आली, नवशा आला नाही. त्याने जिवल्याला आजवर माफ केलेलं नाही आणि माफ कर म्हणून त्याला सांगायला मी जाणार नाही.

जिवल्या मांडवाच्या कडेला बसला होता. मंगळी पंगतीत वाढत त्याच्यापर्यंत आली, त्याच्या पानावर भात वाढला आणि पुढे गेली. या खेपेला तो खातो की नाही, ते बघायला थांबली नाही.

भागी माझ्याशेजारी जेवत होती. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आवनीच्या, भात लावायाच्या दिवसांत ह्यो तापानं निस्ता जळत होता, बाई. उबा राहवत नव्हता. मी बोलली, नीज. तर बोलतो, नवशाच्या शेतातून मी दिसतो, मना रोपं लावूं दे."

"मग?"

"मंग काय. सगळी आवनी चिखलात उबा राहून केली. वर गानी म्हनला मोठ्यानं."