बॉनेटवरची चिंच

मशीनला हळदकुंकू लावून झालं होतं. पॉलिशिंगची दोन्ही मशीन, प्रेशर वॉशर, व्हॅक्युम, कंप्रेसर, सगळं ओळीनं मांडून वर झेंडूची माळ टाकली होती. खंडेनवमी. या दिवशी हत्यारांची पूजा करायची आणि पूजेला मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची पद्धत. वर्षातली ही एकच सुट्टी मला कुणाला कारण न देता मिळते. पेढा तोंडात टाकला आणि शटर खाली ओढणार, तेवढ्यात दारात एक गाडी येऊन उभी राहिली. गाडी काळी होती हे मला आधीपासून माहीत होतं म्हणून बरं. लांबून ती करडी दिसत होती.

कुपवाडच्या एमआयडीसीत माझं कार डिटेलिंगचं दुकान आहे. डिटेलिंग म्हणजे साध्या भाषेत गाडी नीट धुणं, रंगावरचे ओरखडे काढणं आणि ते पुन्हा पडू नयेत म्हणून वर काहीतरी संरक्षण देणं. त्याआधी बावीस वर्षं साताऱ्याला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो. रंगाशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि खरं सांगायचं तर आता रंगाचाही कंटाळा आलाय. उजवा खांदा कायम दुखतो. लोक गाडी घेताना सहा महिने विचार करतात आणि धुताना सहा मिनिटंही करत नाहीत. मग ते सगळं माझ्या खांद्यावर येतं.

गाडीतून सर्जेराव अण्णा उतरले. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, वय सत्तरीच्या आसपास. गाडी त्यांच्या मुलाची, संदीपची. संदीप फौजेत हवालदार. उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा शोरूममधून गाडी तडक माझ्याकडे आणली होती. त्याची सुट्टी संपत आली होती म्हणून मी फक्त वॅक्स करून दिलं आणि बाकीचं पुढच्या सुट्टीत बघू म्हणालो.

"काय झालं अण्णा?"

"धुतली."

"कशानं?"

"पाण्यानं. आनि कशानं धुत्यात?"

मी वाकून पाहिलं. छतापासून दारापर्यंत सगळीकडे पांढरट निळे ठिपके. बोअरच्या पाण्याचे डाग मी रोज बघतो. ते पाणी क्षाराचं असतं, उन्हात वाळलं की पांढरी कडी उमटते. पण निळा डाग गाडीवर पहिल्यांदाच बघत होतो. द्राक्षाच्या पानावर मात्र पुष्कळदा बघितला होता.

"पंप कुठला लावला?"

"बागंचा. ट्रॅक्टरच्या मागचा. गन लावली की लय प्रेशर हाय त्याला."

"त्यात शेवटचं काय मारलं होतं?"

"बोर्डो. पर टाकी दोनदा खळबळून घेतलीया की."

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण. बुरशी येऊ नये म्हणून बागेवर फवारतात. पानाला चिकटून बसावं, पावसानंही सुटू नये, हाच त्याचा गुण. टाकी कितीही खळबळली तरी पाइपात आणि गाळणीत ते उरतंच. अण्णांनी ते पाणी गाडीवर मारलं आणि गाडी अंगणात उन्हात वाळत ठेवली. उन्हाळ्यातलं वॅक्स तोवर जवळपास उतरलं होतं. राहिलं साहिलं चुन्यानं खाल्लं.

"पण अण्णा, औषधाच्या पंपानं गाडी धुवायला तुम्हाला सांगितलं कुणी?" माझा आवाज चढला होता.

अण्णांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. माझाच कागद. नवी गाडी येते त्या प्रत्येकाला मी 'गाडी कशी धुवावी' याची एक झेरॉक्स देतो.

"ह्ये बगा. एक नंबरला तुमीच लिवलंय."

एक नंबरला लिहिलं होतं, कोरडं फडकं फिरवू नका, आधी प्रेशरनं भरपूर पाणी मारून धूळ उतरवा. यात चूक काही नाही. कोरडी धूळ पुसली की ती पॉलिश पेपरसारखी घासते आणि उन्हात गोल गोल ओरखडे चमकायला लागतात. नवशिक्याची पहिली चूक तीच असते. पण प्रेशर कशाचं, ते मी लिहिलं नव्हतं. कुपवाडमध्ये बसून लिहिताना माझ्या डोळ्यासमोर वॉशिंग सेंटर होतं. अण्णांच्या घरी प्रेशर एकच, बागेचं. माझा कागद आजवर इतका मनापासून कुणी पाळला नसेल. मी जो चढलो होतो तो मुकाट्यानं खाली उतरलो.

"आणि बॉनेटला काय झालं?" बॉनेटवर ठिपके नव्हते, पण दोन हात रुंद पट्टा दुधाळ झाला होता.

"त्ये हिनं केलं. देवाची तांब्याची भांडी चिंचंनं निघत्यात, म्हणली ह्ये बी निघंल. काथ्या घिऊन बसली घासत. डाग निघालं की वो."

निघणारच. चुना आंबटानं सुटतो, मीही तेच करतो, फक्त चिंचेऐवजी व्हिनेगर वापरतो. काकूंची चिंच बरोबर होती. काथ्या चुकला.

"संदीप कधी येतोय?"

"परवा सकाळी. मिरजंत उतरतोय." अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "पोरगं वरसातनं दोनदा येतंय. शेताचं काय इचारत न्हाई, घराचं न्हाई. म्हातारा झालोय म्हणून कशाला हात लावू देत न्हाई. पैल्यांदा काय सोपवलं आसंल तर ही किल्ली. म्हणला, अण्णा, तुमी बगा. पूजंला चकचकीत करून ठिवावी म्हणलं."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, की हा माणूस आजच का आला. शटर परत वर केलं.

मशीन पूजेत होती, म्हणून पहिला दिवस हातानं. दोन बादल्या भरल्या. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोज्यासारखा मऊ कापडी मिट शॅम्पूत बुडवायचा, गाडीचा एक भाग धुवायचा, मग तो साध्या पाण्यात पिळून काढायचा आणि पुन्हा शॅम्पूत. एकच बादली असली तर काढलेली माती आपण परत गाडीलाच लावतो. वरून खाली यायचं, कारण खालची माती जाड असते. सावलीत करायचं. अण्णा उलट्या क्रेटवर बसून बघत होते. नंतर बाह्या वर करून त्यांनी दुसरी बादली स्वतःकडे घेतली.

व्हिनेगर पाण्यात मिसळून एक एक पत्रा पुसला आणि लगेच भरपूर पाण्यानं धुतला. निळं गेलं, पांढरं गेलं. पण प्रत्येक ठिपक्याखाली पुसट खळगा राहिला होता. त्याला मशीनच लागणार होतं.

गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक त्याची, ओरखडेही त्यालाच पडतात. पॉलिश करणं म्हणजे तो थर थोडासा झिजवून सपाट करणं. थर केसापेक्षा पातळ, त्यामुळे किती उरलाय ते मोजायला गेज लागतो. गेज पूजेत होता. मी घुटमळलो.

"चालवत न्हाई, नुस्तं मापतायसा," अण्णा म्हणाले. "देव काय म्हणायचा न्हाई."

गेज खालच्या रंगासकट सगळी जाडी दाखवतो. छतावर एकशे बारा मायक्रॉन, दारांवर एकशे दहाच्या आसपास. चिंचेच्या पट्ट्यावर ब्याऐंशी. मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तेच. म्हणजे तिथला पारदर्शक थर काथ्यानं जवळजवळ संपवला होता.

गाडी रात्री दुकानातच राहिली. दसऱ्याला अण्णा सकाळीच परत आले, सोनं देऊन-घेऊन झालं आणि मी मशीन सुरू केलं. दारं निघाली, छत निघालं, डिकी निघाली. काळा रंग पुन्हा काळा दिसायला लागला. दुपारी बॉनेटवर आलो. अगदी मऊ पॅड लावून दोनदा फिरवलं, थोडा फरक पडला आणि मी मशीन बंद केलं. अजून एकदा फिरवलं असतं तर क्लिअर कोट फुटला असता आणि खालचा रंग उघडा पडला असता. मग सगळं बॉनेट रंगवणं आलं. त्याला तीन दिवस लागतात आणि दसऱ्याला एकही रंगारी हलत नाही.

"अण्णा, एवढंच. ओरखडे राहणार. संदीपला सांगून टाका."

अण्णांनी बॉनेटवरून तळवा फिरवला. मग हळू म्हणाले, "झाकायचं काय नसतंया का? पंधरा दिस. त्यो गेला की म्या बगतो."

असतं. ग्लेझ नावाचं एक तेलकट मलम असतं. ते ओरखड्यात भरून बसतं आणि पत्रा आरशासारखा दिसतो. चार धुण्यांत वाहून जातं. जुन्या गाड्या विकणारे व्यापारी ते नेहमी मागतात, मी त्यांना परतवून लावतो. त्या दिवशी नाही परतवलं. दमलो होतो, हे एक कारण. दुसरं कारण मी अण्णांना सांगितलं नाही. ओरखड्यांबरोबर माझा कागदही झाकला जाणार होता. संदीप फौजेतला माणूस, आधी विचारणार की ऑर्डर कुणाची होती.

ग्लेझ लावलं. संध्याकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा अण्णांनी बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा बघितला, माझे दोन्ही हात धरले आणि तासगावच्या रस्त्याला लागले. मला बरं वाटायला हवं होतं. घरी गेलो आणि न जेवता पडलो.

संदीप आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी परत माझ्या दारात. संदीप चालवत होता, शेजारी अण्णा. अण्णा उतरले ते क्रेटवर जाऊन बसले. माझ्याकडे बघेनात.

"काका, तुमी उन्हाळ्यात म्हणला हुतासा, सिरॅमिक कोटिंग पुढच्या सुट्टीत. करून टाकू आजच. धूळ लय हाय आपल्याकडं."

म्हणालो होतो. साफ विसरलो होतो.

आता हे कोटिंग काय असतं ते सांगतो. वॅक्स दोन-तीन महिने टिकतं, सिरॅमिक कोटिंग दोन-तीन वर्षं. ते पत्र्याला घट्ट धरतं, पण पत्रा कोरडाठक लागतो. तेलाचा अंशही चालत नाही. म्हणून आधी स्पिरिटसारख्या एका द्रवानं सगळी गाडी पुसून काढतात. त्यानं ग्लेझ पहिल्या हातात निघतं. न पुसता कोटिंग लावलं असतं तर महिन्याभरात ते बॉनेटवरून सोलून निघालं असतं.

मी दारांपासून सुरुवात केली. मग छत, मग डिकी. बॉनेट टाळत होतो. संदीप हाताची घडी घालून उभा होता. तसे उभे राहणारे लोक कंटाळत नाहीत.

शेवटी फडकं खाली ठेवलं.

"संदीप, हे पुसलं की खाली ओरखडे दिसतील. ते मी झाकलेत, परवा." आणि सगळं सांगितलं. कागदापासून. पंप, बोर्डो, चिंच, काथ्या, ग्लेझ. प्रेशर कशाचं ते मी लिहिलं नव्हतं, हेही सांगितलं.

"कागदाचं काय न्हाई त्यात," अण्णा क्रेटवरूनच म्हणाले. "म्याच येड्यावानी औषदाचा पंप लावला. झाकाय बी मीच लावलं."

संदीपनं मी ठेवलेलं फडकं उचललं आणि स्वतः बॉनेट पुसलं. ट्यूबलाइटखाली काथ्याचे ओरखडे एक एक करून वर आले. त्यानं त्यावरून बोट फिरवलं. मी ओरडा खायची तयारी केली होती.

तो वडिलांकडे वळला.

"अण्णा, काल घरी आल्यापास्नं तुमी माझ्याकडं बगून बोलला न्हाईसा. आई बी चुलीपास्नं हलंना. जेवताना दोघं गप. मला वाटलं आईला काय तरी निघालंय आनि तुमी लपवताय. रिपोर्ट सापडत्यात का म्हणून कपाट हुडकलं मी. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. आनि ही, ही चिंच व्हय?"

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "आईला काय न्हाई झालेलं. ठणठणीत हाय." संदीप त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसला. मी पाणी आणायच्या निमित्तानं मागे गेलो आणि गरज नसताना बराच वेळ तिथे राहिलो. मला लाज वाटत होती. ओरखड्यांची नाही. एका माणसाच्या पंधरा दिवसांच्या सुट्टीतली पहिली रात्र मी दोन बोटं मलमानं घालवली होती, त्याची.

कोटिंग त्याच दिवशी केलं. बॉनेट रंगवून घ्यायचं का, विचारलं. संदीप म्हणाला, राहू द्या, गाडी हाय, चालायची. कोटिंग ओरखडे झाकत नाही, आहेत तसे ठेवतं, हेही मी त्याला आधीच सांगून ठेवलं. जाताना अण्णा मागच्या सीटवर बसायला लागले, तर संदीपनं किल्ली त्यांच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसला.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना एवढंच सांगेन. सल्ला देण्याआधी समोरच्याच्या घरी काय आहे ते विचारा. आणि झाकायचं काम घेऊ नका. ते पुढे उघडायलाही आपल्यालाच लागतं, आणि तेव्हा खांद्यापेक्षा दुसरंच काहीतरी दुखतं.