तळहातावरचं संत्रं

परवा सुनेने संत्रं सुरीने कापलं, सालीचा तिखट वास नाकात गेला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. ऐंशीच्या दशकातला पांढुर्ण्याचा दसरा आठवला. मास्तरकीच्या बदलीत माझी सहा वर्षं सौंसरकडे गेली होती. हातातला दांडपट्टा सुटला आणि पोटही सुटलं. परत आल्यावर दोन महिने पहाटे आखाड्यात घाम गाळला, मनगट सुजलं, पण ते लवलवतं पातं पुन्हा हुकमात आणलं. मिरवणुकीत आखाड्यातल्या माझ्या जोडीदाराच्या तळहातावरचं लिंबू पट्ट्याने कापायचं, हा पूर्वीपासून आम्हा दोघांचा मान. ताशा थांबला, तो गुडघ्यावर बसला आणि त्याने हात पुढे केला. हातावर लिंबाऐवजी हिरवट संत्रं! लोक हसले. "लिंबू कुठं आहे? मी काय लेकरू आहो काय?" मी ओरडलो. तो हळूच म्हणाला, "गड्या, तू सहा वर्षांनी खेळून राहिला. पट्टा तुहा आहे, पण हात माहा आहे." संत्रं त्याच्याच बागेतलं होतं, म्हणजे हा घरूनच ठरवून आला होता! त्या संतापातच मी वार केला. दोन फाका उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. त्याने मात्र चटकन मूठ मिटली, आणि बोटांमधून रसाबरोबर लाल थेंब ओघळला. भर चौकात त्याने माझ्या हातावर भरवसा ठेवला नाही, याचा राग मला आजही येतो. पण संत्र्याला मी सुरी लावत नाही. नखाने सोलून खातो.