वीस पैशांचं कमळ

महिपतआप्पांना पावस गावात सगळे ‘टांकसाळवाले’ म्हणत, आणि आप्पांना ती पदवीच वाटे. मुंबईच्या टांकसाळीत सदतीस वर्षं काढलेली. “वीस पैशांचं ते पिवळं नाणं, कमळाचं, मीच पाडलंय,” असं ते चहाच्या टपरीवर सांगत.

त्यांच्या बायकोला, चंपाकाकूंना, खरं ठाऊक होतं. धातू वितळवणारे वेगळे, पत्र्यातून चकत्या कापणारे वेगळे, ठसा उठवणारे तर फारच वेगळे. आप्पा मधल्या मधे कोऱ्या चकत्या आम्लात धुऊन चकचकीत करत. तोरा मात्र असा, की सरकारचा खजिना यांच्याच ओटीवर ठेवलाय.

नाण्यात तांबंच जास्त, पण पिवळ्या रंगामुळे लोकांनी सोनं आहे असं धरलं आणि बायकांनी ते देवात नेलं. पुढे ते बंद झालं. पांढरं, हलकं, सहाकोनी आलं, त्याला कुणी हात जोडले नाहीत. चंपाकाकूंच्या आईनं लग्नात ओटीत घातलेलं कमळ मात्र चौपन्न वर्षं लक्ष्मीपूजनाला बसत होतं.

यंदा दसऱ्याला आप्पांच्या मोबाईलवर आलं, जुनं नाणं द्या, लाख घ्या.

“आईचं आहे हो ते. देवातलं.”

“देव काय रुसतोय गो? पाचाचं ठेव त्याच्यापुढे, जाड आहे!”

काकूंनी देवाला मनातच हात जोडले. या माणसाला अक्कल दे, असं मागणं त्यांनी कधीच सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या एसटीत आप्पांच्या शेजारी जाऊन बसल्या.

चिपळूणला सुहास म्हणून नाणी जमवणारा होता. त्यानं भिंग लावलं.

“आजोबा, हे धुतलंत?”

“मग! चिंच, आमसूल, वर रांगोळी. सदतीस वर्षांचा हात आहे.”

“धुतात ती कोरी चकती. ठसा उठल्यावर कोण धुतं? पाकळ्या घासून काढल्यात तुम्ही. चांगल्याचेसुद्धा पन्नास येतात. याचे दहा देतो.”

लाखासाठी आलेल्या आप्पांनी तळहात पुढे केला. म्हणाले, “द्या दहा.”

काकूंनी टेबलावरचं नाणं उचललं, पदराला बांधलं आणि आपल्या पाकिटातली दहाची नोट नवऱ्याच्या हातावर ठेवली.

“घ्या. मी विकत घेतलं. आता देव्हाऱ्याला हात लावायचा नाही.”

सुहासनं मान खाली घातली. आप्पांनी नोट उजेडात धरून खरी आहे ना पाहिली, आणि खिशात घातली.